रॉड ठीक आहे, मग पाठ का दुखते?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी तासगावची. वय ४७. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. १९९२ साली, मी चौदा वर्षांची असताना, मुंबईत माझ्या कण्याचं ऑपरेशन झालं. कण्याला बाक होता, ६२ अंशांचा, असं तेव्हा सांगितलेलं. एक लांब रॉड घातला, मग सहा महिने प्लास्टरमध्ये होते. आबांनी त्यासाठी भिलवडीची दीड एकर जमीन विकली. पुढं पंचवीसहून जास्त वर्षं मला काही त्रास झाला नाही. लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, मशीन चालूच होतं.

गेली चार वर्षं कंबर धरते. सकाळी बरी असते, संध्याकाळपर्यंत पुढं वाकायला होतं. ओट्याशी उभी राहिले की कोपर टेकवल्याशिवाय राहवत नाही. सरळ उभं राहायचं तर गुडघे वाकवावे लागतात. थोडं चाललं की डाव्या पायाला मुंग्या येतात, पोटरी भरून येते, मग बसावंच लागतं. दोन डॉक्टर झाले. एक्स-रे बघून 'रॉड जागेवर आहे, काही झालेलं नाही' म्हणाले, गोळ्या दिल्या. एमआरआय सांगितला होता, पण पाठीत लोखंड आहे म्हणून सेंटरवाल्यांनी नाही म्हटलं. ऑपरेशनचे कागद माहेरी ट्रंकेत होते, ते २०१९ च्या महापुरात गेले.

सासूबाई म्हणतात, तीस वर्षं झाली त्या ऑपरेशनला, आता काय त्याचं? पूजेला, हळदीकुंकवाला मांडी घालून बसता येत नाही, तर बायका बघतात. आमचे हे चांगले आहेत, पण त्यांनाही वाटतं मी मनाला लावून घेतलंय. जवळच्या गावात एकजण कणा बसवून देतो, त्याच्याकडे जाऊ का? की परत ऑपरेशन लागेल? आबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी जमीन विकावी आणि मी पाठ दुखते म्हणावं, हे मनाला पटत नाही. धाकटी मुलगी बारा वर्षांची आहे, तिचीही धास्ती वाटते.

उत्तर

ताई,

तुमचं दुखणं खरं आहे. ते मनाचं नाही, आणि वय झालं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. सकाळी बरं असणं, संध्याकाळी पुढे वाकणं, ओट्यावर कोपर टेकणं, उभं राहायला गुडघे वाकवणं, हे तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय ते वाचता वाचताच मला बराच अंदाज आला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. निदान करणं, ऑपरेशन ठरवणं हे मणक्याच्या सर्जनचं काम, आणि नुसत्या पत्रावरून तर ते कुणीच करू नये. पण त्यांच्याकडे जाऊन काय विचारायचं, कोणती तपासणी मागायची आणि तोवर घरात, मशीनवर काय बदलायचं, हे मी नक्की सांगू शकते.

आधी तुमच्या पाठीत काय आहे ते समजून घेऊ. एकच लांब रॉड आणि त्यानंतर प्लास्टर, या वर्णनावरून तो हॅरिंग्टन पद्धतीचा असावा. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी तो तयार केला आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वर एक हुक, खाली एक हुक, मध्ये रॉड. दोन्ही हुक एकमेकांपासून लांब ढकलून कणा ताणायचा, म्हणजे बाक कमी होतो. मग त्या मणक्यांवर कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे पसरायचे. काही महिन्यांत ते मणके एकमेकांना चिकटून एकच सलग हाड तयार होतं. आज तुमची पाठ धरून ठेवलीय ती मुख्यतः त्या हाडाने. रॉडचं काम तुम्ही शाळेत असतानाच जवळपास संपलं होतं. म्हणून 'रॉड जागेवर आहे' या वाक्यातून तुमच्या आजच्या दुखण्याबद्दल फारच थोडं कळतं.

अडचण कुठे होते ती बघा. आपली पाठ समोरून सरळ असावी लागते, पण बाजूने बघितली तर ती सरळ नसते. छातीमागे ती बाहेर येते आणि कमरेत आत जाते. कमरेतल्या त्या आतल्या खोलगटीमुळेच डोकं बरोबर खुब्यांच्या वर राहतं आणि फार ताकद न लावता उभं राहता येतं. हॅरिंग्टन रॉड ताणून बसवताना बाजूला गेलेला वाईट बाक कमी व्हायचा, पण रॉड कमरेत खालपर्यंत गेला असेल तर ही खोलगटीही सपाट व्हायची. त्याला डॉक्टर फ्लॅटबॅक म्हणतात. आताच्या पद्धतीत, १९८४ सालच्या फ्रान्समधल्या कोत्रेल आणि द्युबुसे यांच्या कामापासून, दोन रॉड घालतात आणि ते कमरेच्या आकाराला वाकवूनच बसवतात. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी ही नवी पद्धत जगात येऊन फार वर्षं झाली नव्हती.

मग पंचवीस वर्षं काही का झालं नाही? कारण रॉडच्या खाली मणक्यांमधल्या दोन-तीन मोकळ्या गाद्या उरलेल्या असतात आणि विशी-तिशीत त्या ताज्या असतात. वरचे मणके हलत नाहीत, तेव्हा वाकणं, वळणं, तोल सांभाळणं सगळं याच करतात. आठ माणसांच्या घरातलं काम दोन जावांवर पडावं आणि अंगात जोर असेपर्यंत त्यांनी ते रेटून न्यावं, तसं चालतं. चाळिशी उलटली की या गाद्या झिजून पातळ होतात. शरीराचा तोल पुढे जातो. तो मागे आणायला तुम्ही नकळत गुडघे वाकवता. दिवसभर मांड्यांचे स्नायू याच कामाला जुंपलेले राहतात आणि संध्याकाळी त्यांचा दम संपतो. चालल्यावर पोटरी भरून येणं आणि बसल्यावर मोकळं वाटणं हे बहुतेक वेळा याच भागात नसांची वाट अरुंद झाल्याचं लक्षण असतं. याखेरीजही कारणं असू शकतात: वरचं हाड एखाद्या ठिकाणी नीट जुळलेलंच नसणं, कमरेच्या मागच्या सांध्याचं दुखणं, खुब्याचं दुखणं. ती सर्जन तपासतील.

आता एक्स-रे. तुमचा बहुधा झोपवून, फक्त कमरेचा काढला असणार. झोपल्यावर तोल गेलेला दिसणार कसा? तुम्हाला हवाय तो पूर्ण कण्याचा, उभं राहून काढलेला एक्स-रे, मानेपासून खुब्यापर्यंत, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूने काढताना हात कोपरात दुमडून मुठी गळ्याच्या हाडापाशी ठेवायच्या आणि गुडघे पूर्ण सरळ. याच्यावर अडून बसा. उभ्या उभ्या त्रास होतो म्हणून तुम्ही सवयीने गुडघे वाकवाल, टेक्निशियनचं लक्ष राहणार नाही आणि फिल्मवर तोल छान दिसेल. एवढा लांब एक्स-रे एका फिल्मवर मावत नाही, दोन-तीन भाग काढून कॉम्प्युटरवर जोडतात. ही सोय सगळीकडे नसते. डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात दवाखाना काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, आधी तिथे फोन करून विचारा, नसेल तर पुणं. आणि जाल तेव्हा सकाळी ताज्या-तवान्या जाऊ नका, दुपारनंतर जा.

डॉक्टरांकडे जायच्या आधी घरी एक गोष्ट करा. मिस्टरांना फोनवर तुमचे दोन फोटो काढायला सांगा, दोन्ही फोटो एकाच बाजूने, समोरून नाही, दाराच्या चौकटीशेजारी उभं राहून, गुडघे सरळ ठेवून. एक सकाळी चहानंतर, एक संध्याकाळी काम आवरल्यावर. मोबाइल त्याच उंचीवर, जागा तीच. चौकटीची उभी लाकडी कड सरळच असते, तिच्याशी तुलना करून कान खुब्याच्या किती पुढे गेलाय ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. सर्जनला याचा खूप उपयोग होतो. आणि फोटो काढणाऱ्या माणसाला 'मनाला लावून घेतलंय' असं पुन्हा म्हणावंसं वाटणार नाही. दुखणं दिसत नाही, तोल गेलेला दिसतो. सासूबाईंनाही ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवा, वाद न घालता.

एमआरआयचं. सेंटरवाल्यांनी काळजी घेतली हे चांगलं, पण 'लोखंड आहे' एवढ्यावर विषय संपत नाही. त्या काळचे रॉड बहुतेक एका खास स्टेनलेस स्टीलचे असत. हाडात घट्ट बसलेल्या अशा रॉडसह एमआरआय बऱ्याचदा करता येतो. धातूच्या आजूबाजूचं चित्र मात्र फाटतं. तुम्हाला बघायच्या आहेत त्या गाद्या रॉडच्या खाली, म्हणजे तिथलं चित्र बऱ्यापैकी मिळू शकतं. निर्णय रेडिओलॉजिस्टचा. काउंटरवर विचारू नका, सर्जनकडून चिठ्ठी घ्या, तिच्यावर रॉडचा उल्लेख करून घ्या, आधीचा एक्स-रे सोबत न्या आणि रेडिओलॉजिस्टशी प्रत्यक्ष बोला. त्यांनीही नको म्हटलं तर सीटी स्कॅन आहे. गरज पडल्यास पाठीत औषध सोडून सीटी करतात, त्यात नसांची वाट दिसते.

दोन्ही डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारख्या पाठी त्यांच्या रोजच्या बघण्यातल्या नसतात. म्हणून यापुढे गुडघे बदलणाऱ्या किंवा फ्रॅक्चर बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे न जाता, ज्यांचं काम मुख्यतः मणक्याचं आहे आणि जे मोठ्या माणसांतले कण्याचे बाक बघतात अशा सर्जनकडे जा. असे डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना सरळ विचारा: माझं फ्लॅटबॅक आहे का? रॉडखालच्या गाद्यांची स्थिती काय? हाड सगळीकडे जुळलंय का? बाक वाढलाय का? हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. समोर बसल्यावर निम्मे विसरायला होतात.

कणा बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका. कुणी कितीही गुण सांगू दे. जुळलेले मणके कुणाच्या हाताने बसणार नाहीत, ते एक हाड आहे. झटका दिला तर सगळा जोर जाईल खालच्या झिजलेल्या गाद्यांवर आणि नसांवर, म्हणजे जिथे आधीच अडचण आहे तिथेच. तेल लावून हलक्या हाताने पाठ चोळून घ्यायला माझी हरकत नाही. मोडणं, ओढणं, पाठीवर पाय देणं नाही.

काही गोष्टींसाठी मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, लघवी होईनाशी झाली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठा दवाखाना गाठायचा. काही तासांचाही फरक पडतो. ताप येऊन जुन्या व्रणापाशी सूज किंवा पाणी यायला लागलं, तरी लगेच दाखवायचं. धातूभोवती जंतुसंसर्ग कितीतरी वर्षांनीही होऊ शकतो. पाठीत अचानक कट्ट आवाज होऊन नवीन कळ सुरू झाली तर रॉड तुटलाय का ते बघावं लागतं.

परत ऑपरेशन लागेल का, हे मला इथून सांगता येणार नाही. इतकं सांगते की ते मोठं असतं. सपाट झालेली कंबर पुन्हा खोल करायची तर जुळलेलं हाड कापून कोन द्यावा लागतो, अनेक तास लागतात, रक्त लागतं, आणि त्यात गुंतागुंत होण्याचं प्रमाण पहिल्या ऑपरेशनपेक्षा बरंच जास्त आहे. ज्यांना चार पावलं टाकणं अवघड झालंय, त्यांचं आयुष्य त्याने बदलू शकतं, हेही खरं. तुम्ही अजून दिवसभर काम करताय. मला वाटतं, आधी व्यायाम, कामाची नवी मांडणी आणि गरज पडल्यास नसेजवळची इंजेक्शनं, यांना काही महिने मनापासून द्या. कुणी पहिल्याच भेटीत तारीख दिली तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. खर्चाची वेळ आलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

गोळ्यांबद्दल एकच. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने घेऊन महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात, त्या किडनीला आणि पोटाला मारतात. तुम्ही चार वर्षं खात असाल तर आधी रक्ताची क्रिएटिनिन तपासणी करून घ्या. पायातल्या मुंग्यांसाठी वेगळ्या गोळ्या असतात, त्यांनी सुरुवातीला झोप येते, तेव्हा मशीनवर बसताना जपून. आणि पाळी जायच्या वयात आहात, हाडांची घनता तपासा. इथेही एक खाच आहे. ही तपासणी नेहमी कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची करतात. तुमच्या कमरेत धातू आणि जुळलेलं हाड असेल तर तिथला आकडा खोटा चांगला येईल. खुबा आणि मनगटाजवळचं हाड तपासायला सांगा.

आता शिलाईकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या दुखण्याचा मोठा वाटा तिथे आहे आणि तो तुमच्या हातातला आहे. तुम्ही कटिंग कुठे करता ते लिहिलं नाही. पण घरी शिवणाऱ्या बहुतेक बायका खाली चटईवर कापड पसरून, एक पाय दुमडून, वाकून बेततात. तसं असेल तर आजपासून बंद. तुमची पाठ वाकत नाही, त्यामुळे जमिनीपर्यंत पोचायला सगळं वाकणं त्या खालच्या दोन गाद्यांतून होतं, वर कात्रीचा जोर. कटिंगला उंच टेबल हवं, उभं राहिल्यावर साधारण कोपराच्या थोडं खाली येईल इतकं. सुताराकडून करून घ्यायला नको, जुन्या टेबलाच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवले तरी चालतं, हलत नाही ना एवढं बघा. खाली एक पाट ठेवा आणि आलटून पालटून एक पाय त्यावर ठेवून उभ्या राहा. कंबरेवरचा ताण त्याने लगेच हलका होतो. ओट्याशीही हेच करा.

मशीन पायाचं असेल तर मोटर बसवा. पायटा मारताना खुबा आणि कंबर सतत हलत राहते. स्टूल जरा उंच घ्या, गुडघे खुब्यापेक्षा थोडे खाली राहतील इतकं, आणि बैठकीला पुढच्या बाजूला किंचित उतार द्या. मागच्या कडेखाली दुमडलेली चादर घातली तरी उतार येतो. असं बसलं की ओटीपोटाचं हाड आपोआप पुढे कलतं आणि पाठ ताठ ठेवायला कष्ट पडत नाहीत. स्टूल उंच झालं की मशीनही तितकं वर घ्यावं लागेल, नाहीतर मान वाकेल. हुक-काज करताना मांडीवर दोन उशा घ्या म्हणजे कापड डोळ्यांजवळ येईल. बाजारात कंबरेच्या खोलगटीसाठी उशा मिळतात, त्या तुमच्यासाठी नाहीत. जी कंबर आत जाऊच शकत नाही, तिला मागून ढकलून काय मिळणार? मऊ टेका पुरे. आणि कितीही लग्नसराई असो, अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. दोन ब्लाउज कमी शिवले जातील. जातील. गिऱ्हाइकाला चार दिवस पुढची तारीख द्या.

व्यायाम मी पत्रातून शिकवणार नाही. तुम्हाला जवळ पडेल तिथल्या फिजिओथेरपिस्टला एक्स-रे दाखवून शिका. काम कशावर करायचं ते सांगते: पार्श्वभागाचे आणि मांड्यांचे स्नायू बळकट करणं, खुब्याच्या पुढचे आखडलेले स्नायू सैल करणं, आणि श्वासाचे व्यायाम, कारण छातीचे मणके जुळलेत म्हणून फासळ्या कमी हलतात. वाकायचं ते पाठीतून नाही, खुब्यातून आणि गुडघ्यातून, हे तर रोजचंच होऊन जायला हवं. घागर, सिलिंडर, पिठाचा डबा यांना हात लावू नका. योगवर्गात हलासन, पश्चिमोत्तानासन, कमरेला पीळ देणारी आसनं टाळा आणि शिक्षकांना रॉडबद्दल सांगून ठेवा. चालायचं रोज, पण पोटरी भरायच्या आधी थांबून, बसून, पुन्हा चालायचं. एसटीत मागच्या सीटवर बसायचं नाही, खड्ड्यांचे सगळे दणके तिथे बसतात.

मांडी घालून बसता न येण्याचं दुःख मला चांगलं कळतं. आपल्याकडे खाली बसता न येणं हा मानपानाचा प्रश्न होतो. पूजेला सरळ खुर्ची किंवा उंच चौरंग घ्या, ताम्हन, पंचपात्र समोर स्टुलावर ठेवा. देवाला चालतं. हळदीकुंकवाला गेलात की दारातच सांगा, 'मला खुर्ची द्या हं, माझ्या पाठीत रॉड आहे.' लपवलं की बायका बघतात, सांगितलं की त्याच खुर्ची ओढून आणतात. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, तीही आणा.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचाही विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हालचालींवर येणारी मर्यादा धरलेली आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सांगलीच्या सिव्हिलमध्ये तपासणी होते. टक्केवारी किती ते डॉक्टर ठरवतील. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आली तर बऱ्याच सवलती मिळतात, एसटीच्या तिकिटातली त्यातलीच. कागद काढला म्हणजे तुम्ही हार मानली असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

मुलीबद्दल. घरात एकाला असा बाक असेल तर मुलाबाळांत तो आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण बहुतेकांना होत नाही. बारावं वर्ष हेच बघायचं वय, उंची झपाट्याने वाढते तेव्हा. तिला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? खांदे, कंबरेचे खाचे सारखे आहेत का? चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघा, उंची वाढायची थांबेपर्यंत. फरक दिसला तर उशीर न करता दाखवा. २५ ते ४० अंशांच्या बाकाला वाढीच्या वयात पाठीला पट्टा (ब्रेस) लावतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन-कॅनडियन अभ्यासात पट्टा लावलेल्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. तुमच्या वेळी बाक ६२ अंशांवर जाऊन कळला. तिच्या वेळी तसं व्हायची गरज नाही.

आणि आबा. ताई, पत्रातलं हे वाक्य मी परत परत वाचलं. तुम्ही पाठ दुखते म्हणालात तर त्यांची जमीन वाया गेली असं होत नाही. छातीतला ५० अंशांच्या पुढचा बाक वाढ थांबल्यावरही थांबत नाही, वर्षाला सरासरी एक अंश वाढत राहतो. ६२ पासून मोजा, तीस वर्षांत तो कुठे गेला असता आणि फुप्फुसांना किती जागा उरली असती. स्वीडनमधल्या गोटेबोर्गमध्ये याच रॉडचं ऑपरेशन झालेल्यांना वीस वर्षांनंतर पुन्हा बोलावून तपासलं, तेव्हा पाठदुखी इतरांपेक्षा जरा जास्त आढळली, पण कामधंदा, संसार, मुलंबाळं बहुतेकांची इतरांसारखीच होती. तुमचीही आहेत. दीड एकरातून हे सगळं आलंय. तेव्हाच्या ज्ञानात जे सर्वांत चांगलं होतं, ते आबांनी तुम्हाला मिळवून दिलं, आणि आजचं दुखणं बहुधा त्या ऑपरेशनच्या खाली उरलेल्या गाद्यांचं आहे. त्यांना असंच सांगा, याच शब्दांत.

सांगायला आणखी एक कारण आहे. कागद पुरात गेले, पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस आहे. तुम्ही तेव्हा गुंगीत होता, त्यांना आठवत असेल. भिलवडीला जाल तेव्हा वही घेऊन बसा आणि विचारा: दवाखाना कोणता, वॉर्ड कोणता, सर्जनचं आडनाव काय, तारीख किंवा निदान सण कुठला जवळ होता, रक्त किती बाटल्या दिलं, रॉड कमरेत कुठपर्यंत गेलाय असं डॉक्टर म्हणाले होते, हाड कमरेतून काढलं का. नाव आणि वर्ष मिळालं की त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाला अर्ज करा. इतकी जुनी फाइल मिळेलच असं नाही, पण काही ठिकाणी ऑपरेशन थिएटरच्या नोंदवह्या जपलेल्या असतात. आबा जे सांगतील ते एका पानावर लिहून काढा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढे कधी कुठलंही ऑपरेशन करायचं झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते पान आधी दाखवायचं, कारण तुमच्या पाठीत सुई टाकून भूल देणं अवघड जाऊ शकतं.

एक्स-रे झाला की त्यात काय निघालं ते मला जरूर कळवा.